दोन उंबरे

पीठ बारीक हवं, रवाळ नको. चाळणीतून उंबऱ्यावर पाडायचं, हात हलका ठेवून. मग मांजराच्या पावलाची एकेक गादी त्यावर उमटते.

*

"कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं." शेंडगेकाकू टेम्पोत बसता बसता म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर देव्हारा होता.

*

डावा हात वाचला हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले.

*

मांजर पाणी ओलांडत नाही म्हणतात. पण नदीवर पूल असतो.

*

आईला पारोसा उंबरा बघवत नाही. गुडघे गेलेत, तरी आजही नाही.

*

"ताई, उद्या शेंडगेंचं बंद करायचं हाय," हणमंत मुकादम म्हणाला. सायकल हातात धरून तो आमच्या दारात उभा होता. "साहेबांना सांगायला आलतो. त्यास्नी कळतं का काय सांगितलेलं?"

"कळतं सगळं. बोलता येत नाही फक्त."

तो आत आला, बाबांच्या खाटेजवळ उभा राहिला, चप्पल काढायचं विसरला हे लक्षात आल्यावर परत दारात जाऊन काढून आला. "साहेब, उद्या शेजारचं घेतोय," असं मोठ्याने म्हणाला. पक्षाघात झालेल्या माणसाशी सगळेच मोठ्याने बोलत. बाबांनी डावा हात वर केला, तीन बोटं दाखवली.

"व्हय, व्हय. तीनदा हाक मारतो. कान लावतो. इसरलो न्हाई."

मिल बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. कॉलनी एकदम रिकामी झाली नाही. दात पडावेत तशी पडत गेली, आज या ओळीतलं एक क्वार्टर, महिन्याने त्या ओळीतलं. माणसं गेली की कंपनी दारं-खिडक्या चौकटींसकट काढून लिलावाला न्यायची, दगडी उंबरा तेवढा राही, आणि आत कुणी घुसून राहू नये म्हणून भगदाडं विटांनी बुजवायची. आधी खिडक्या, शेवटी दार. हे काम बाबांकडे होतं. ते देखभाल खात्याचे सुपरवायझर. आयुष्यभर ज्या घरांची कौलं आणि नळ बघितले, तीच घरं ते एकेक करून बुजवत होते. घरी त्याबद्दल एक शब्द बोलत नसत.

माणसं जाताना मांजरं ठेवून जात. फ्रीज नेत, कुंड्या नेत, तुळस नेत. मांजर राही. ते चार दिवस बंद दाराशी बसून बघे, मग पंपहाउसकडे येई, कारण तिथे मी भात-सुकट टाकते हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. म्हणून बाबांनी स्वतःची एक रीत पाडली होती. क्वार्टर बुजवायच्या आदल्या संध्याकाळी ते उंबऱ्यावर पीठ पाडत. सकाळी पावलं आत गेलेली आणि बाहेर न आलेली दिसली, तर काम थांबवून आतला कोपरा न् कोपरा धुंडाळत. पावलं नसली तरी आत तोंड करून तीनदा हाक मारत, थापीच्या दांड्याने भिंतीवर तीन ठोके देत, कान लावत, पुन्हा तीन ठोके देत. मगच पहिली वीट.

पीठ आमच्याच डब्यातलं, पण आईला न कळता. तिला कळतं तर "अन्न पायदळी तुडवता, लाज नाही वाटत?" म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं असतं. बाबा शर्टाच्या खिशातून पुडी नेत आणि जाताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावत. सव्वीस वर्षांची होते मी, तरी.

माघात त्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. जीभही गेली.

*

टिकली शेंडगेकाकूंची. पांढरी, कपाळावर एक काळा ठिपका. त्यांचं आणि आमचं क्वार्टर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, दारं शेजारीशेजारी, उंबऱ्याला उंबरा. तिला दोन्हीकडे पान मांडलेलं असे.

मी पंपहाउसची मांजरं एकेक करून टोपलीत घालून तालुक्याला नेत असे. तिथला गुरांचा डॉक्टर ऑपरेशन करायचा आणि खूण म्हणून डाव्या कानाचं टोक उडवायचा. माझं औषधाच्या दुकानातलं काम तिथेच, त्यामुळे एका फेरीत दोन्ही व्हायचं.

"टिकलीलाही नेते, काकू. संध्याकाळी परत आणते."

"नको गं बाई. मुकं जनावर ते. एकदा तरी आई होऊ दे तिला. तळतळाट लागतो."

"पिलं झाली की कोण बघणार?"

"तो बघतो," काकूंनी वर बोट केलं.

काकू मुलाकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा टिकलीचं पोट डेऱ्यासारखं झालं होतं. टेम्पो भरून झाला.

"काकू, हिचं काय?"

"हिचं काय म्हणजे? हिला चौथ्या मजल्यावर कोंडू? कुत्रं माणसाचं असतं, हेमा, मांजर घराचं. ती इथलीच." मग आईकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, तेवढा माझा उंबरा ओसाड ठेवू नका हो. घर गेलं तरी उंबरा लक्ष्मीचा."

"आजवर झाडला, तसाच झाडेन," आई म्हणाली. दोघी रडल्या.

उंबऱ्याची सोय लागली. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत टिकली त्यावर बसून होती.

ती आमच्या न्हाणीघरात व्याली, चुलीमागे, लाकडांच्या आडोशाला. चार पिलं. पुढच्या आठवड्यात डोळे किलकिले व्हायच्या सुमाराला एका सकाळी चुलीमागे काही नव्हतं.

"सात घरं फिरवते मांजरी," आई म्हणाली. "चालायचंच. आपण हात लावला की जास्तच फिरवते."

टिकली जेवायला येत होती, खाऊन निघून जात होती. मी मागे गेले की ती बसून पंजे चाटायला लागे आणि मी कंटाळेपर्यंत उठत नसे. ओळीत सहा क्वार्टर्स उघडी होती. पिलं त्यातल्या कुठल्याही घरात असू शकत होती.

म्हणून हणमंत गेल्यावर मी बाबांसमोर पिठाची पुडी बांधली. त्यांनी बघितलं. जिवणी एका बाजूला ओढली गेली, ते हसू होतं. शेजारच्या उंबऱ्यावर मी चाळणीने पीठ पाडलं. बाजूला उद्यासाठी सिमेंटची पोती आणि विटा रचून ठेवलेल्या होत्या. मग हणमंतच्या घरी जाऊन पुन्हा सांगितलं, "सकाळी पावलं बघ. आत गेलेली असतील तर मी येईपर्यंत वीट लावायची नाही."

"साहेबांचीच पोर," तो म्हणाला. "न्हाई लावत, ताई."

*

हे आता मला वाटतं तितकं सरळ घडलं नाही. त्या दिवसांत घरात लघवीचा वास होता, दुकानातून बिनपगारी रजा मिळत नव्हती, आई रात्र रात्र जागी असे. मांजर ही त्या घरातली शेवटची गोष्ट होती. माझ्यासाठी ती पहिली होती, एवढंच. पुन्हा सांगते.

*

मी पहिल्या बसने गेले, संध्याकाळी आले. शेजारचं दार विटांचं झालं होतं. विटांमधलं सिमेंट अजून ओलं होतं. हणमंतने सायकलवरून हात हलवला. "कायसुदिक न्हवतं, ताई. हाका मारल्या. कान लावला. गप सगळं."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

"टिकली कुठाय?" मी घरात शिरताना विचारलं.

आई बाबांना पेज भरवत होती. "असेल पिलांकडे. दुपारी दिसली होती."

"जेवली नाही?"

"मी काय मांजरांचा हिशेब ठेवत बसू, हेमे? इथे माणूस जेवेना झालंय."

बाबा खरंच जेवत नव्हते. पेज ओघळत होती. डावा हात सारखा भिंतीकडे जात होता. त्यांची खाट शेंडग्यांच्या भिंतीला टेकून, पुढच्या खिडकीखाली होती. त्यांनी पालथ्या मुठीने भिंत ठोकली आणि माझ्याकडे बघितलं.

"पाणी हवंय?"

पुन्हा ठोकली.

"भांडं देऊ?"

त्यांनी डोळे मिटले आणि ठोकतच राहिले. झटक्यानंतर ते हाताने काहीही ठोकत, ताट, खाटेची दांडी, माझा खांदा. डॉक्टर म्हणाले होते, चालायचंच.

"दुपारपासून असंच चाललंय," आई मोरीजवळ मला गाठून कुजबुजली. "भिंतीकडे बघतात, ठोकतात, ऐकल्यासारखं करतात. माझे सासरे जायच्या आधी असंच करत होते. पलीकडून कुणीतरी बोलावतं म्हणतात."

"काहीतरीच बोलू नकोस, आई."

"तुझ्यासारखी मी शिकलेली नाही. पण बघितलंय मी."

दुसऱ्या दिवशी दत्तूमामा आले. त्यांनी आणि आईने मिळून खाट उचलून समोरच्या भिंतीला लावली. मी आले तेव्हा बाबांचं तोंड दरवाजाकडे होतं.

"बघ, शांत झाले की नाही," मामा म्हणाले. "जागेचा दोष असतो. मी उगाच नाही म्हणत."

खरंच शांत झाले होते. या भिंतीवर त्यांनी एकदाही हात मारला नाही. आणि पाण्याचा पेला मी पुढे केला तर त्यांनी तो उडवून लावला. पेला घरंगळत शेंडग्यांच्या भिंतीशी जाऊन थांबला. मामा म्हणाले, "राग वाढतो या आजारात." आईने पाणी पुसलं.

टिकली त्याही दिवशी नव्हती. पंपहाउसपाशी सगळी आली, कान कापलेली एकूण एक. टिकली नाही. मला वाटलं, सातवं घर लांबचं निघालं.

*

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी दारात तांदूळ निवडत होते. रस्त्याच्या कडेने काहीतरी मळकट तीन पायांवर येत होतं. आधी कपाळावरचा ठिपका दिसला. मागचा उजवा पाय उचललेला, अंगाला शेण आणि डांबर. पोटाखालचे सड टणक लाल, जणू कुणी बाहेरून चिकटवलेत. ती माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि विटांच्या दारासमोर उभी राहून ओरडली.

तो आवाज मांजराचा नसतो. ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको.

आई आतून धावत आली आणि दारात थबकली.

"ही परत कशी आली?"

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. "कुठून परत?"

आईने पदर खोचला.

"आई, कुठून?"

"शेजारचं बंद केलं त्या दुपारी दारात असाच गळा काढत होती. घरात आजारी माणूस. मांजर दारात रडणं चांगलं का? दत्तू त्या दिवशीही आला होता, तुला सांगितलं नाही. त्याने पोत्यात घातली आणि गाडीवरून नदीपलीकडे बाजारात सोडून आला. मासळीवाल्यांपाशी. उपाशी मरेल असं नाही सोडलं, हेमे. खायला मिळेल असंच सोडलं."

"कुठल्या दारात रडत होती?"

"दारात म्हणजे दारात."

"आपल्या? की शेंडग्यांच्या?"

आईने खाली ठेवलेलं ताट उचललं. टिकली नव्या विटांवर नखं ओढत होती. सिमेंटची पूड तिच्या मिशांवर पडत होती.

मी आत गेले. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी डावा हात वर केला आणि खाटेच्या दांडीवर ठोकलं. तीन. थांबले, मान किंचित तिरपी करून. पुन्हा तीन.

मी शेंडग्यांच्या भिंतीला कान लावला. जिथे त्यांची उशी असायची तिथे. पोपडे कानाला टोचले. बराच वेळ काहीच नाही. मग एक आवाज आला, टाचणीच्या टोकाएवढा.

*

हणमंत घरीच होता. पोराची टोपी डोक्यावर घालून अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. माझा चेहरा बघून त्याने काही विचारलं नाही. पहार घेऊन सायकलवर मागे मला बसवून आला.

"परवानगी?" त्याने एकदाच विचारलं.

"मी बघते."

"तुमी कशाला? लावली म्या, काढतो म्या."

सिमेंट पक्कं झालं होतं. खालच्या थरातल्या दोन विटा फुटल्या, तिसरी निघाली. तेवढ्या भोकातून टिकली तीन पायांनी आत गेली. आम्ही थांबलो. हणमंत अंधारात हात घालू लागला तर मी त्याला अडवलं. का, ते मला सांगता येणार नाही. तिचं काम तिनेच करावं असं वाटलं असेल.

तिने एकेक करून आणली. मानेला धरून, ओट्याखालून, त्या भोकातून, आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवली. पहिलं कडक झालेलं होतं. दुसरं तसंच. तिसरं तिने बराच वेळ चाटलं. मग आत जाऊन चौथं आणलं, ते हललं.

आई पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली होती. ती म्हणाली, "अगं बाई." एवढंच, पुन्हा पुन्हा.

मी हणमंतकडे वळले.

"पावलं बघितली होतीस?"

"ताई, पीठच न्हवतं."

"मी स्वतः टाकलं होतं. माझ्या हाताने."

"उंबरा धुतल्यागत सोच्छ होता. मला वाटलं, कामाच्या गडबडीत तुमी इसरला."

"मला विचारायचंस."

"तुमी बसला गेलेल्या. म्हणून म्या हाका जास्तीच्या मारल्या. पिलं परक्या आवाजाला गप ऱ्हात्यात, त्याला म्या काय करू?"

"उशीर होत होता म्हणून बघितलंच नाहीस. सरळ सांग ना."

"म्हंजी मी खोटं बोलतोय व्हय?"

"हो."

आतून ताटाचा आवाज आला. बाबा स्टीलचं ताट खाटेच्या दांडीवर आपटत होते. तीनदा नव्हे, थांबून नव्हे. धडाधड. तोंडातून शब्दासारखं काहीतरी येत होतं, ज्याचा शब्द होत नव्हता. त्यांना दरवाजातून आम्ही सगळे दिसत होतो, मी, हणमंत, आई.

आई आत धावली. "त्यांना त्रास होतोय," ती तिथून ओरडली. "बाहेर जाऊन भांडा की!" तिने ताट काढून घेतलं असावं. आवाज थांबला.

हणमंतने पहार सायकलला बांधली. गाठ नीट बसेना.

"साहेबांच्या हाताखाली मी थापी धरायला शिकलो, ताई," तो म्हणाला. "त्यांच्या दारात उभा ऱ्हाऊन खोटं बोलीन?" मग उंबऱ्यावरच्या पिलांकडे बघून, "मी खड्डा काढून देतो."

"नको. मी काढीन."

तो गेला. पुढची क्वार्टर्स बुजवायला दुसराच माणूस येऊ लागला. तो पीठ बघायचा नाही, हाकही मारायचा नाही. मग मीच दुपारची रजा काढून प्रत्येक घर हिंडायला लागले. दुकानवाल्याने तीनदा ऐकून घेतलं आणि मग मला काढून टाकलं.

*

टिकलीचा पाय डॉक्टरने बांधला, महिन्याने ऑपरेशनही केलं. डाव्या कानाचं टोक गेलं. जगलेलं पिलू दिवसभर बाबांच्या डाव्या पंजात असे. ते त्याच्या पोटावर अंगठा ठेवून श्वास मोजत बसत. आषाढाच्या आधी बाबा गेले. आम्ही कॉलनी सोडली तेव्हा मांजरांच्या दोन टोपल्या मी माझ्या मांडीवर घेतल्या होत्या, आणि मामा म्हणाले, "लोक हसतील," आणि मी म्हटलं, "हसू देत."

शेंडगेकाकूंना मी पत्र लिहिलं नाही. आईने लिहिलं. काय लिहिलं ते ठाऊक नाही.

त्याला आता खूप वर्षं झाली. ते पिलू पुढे तब्बल सोळा वर्षं जगलं, मग तेही गेलं. आता आमच्या फ्लॅटमध्ये पाच आहेत, सगळी रस्त्यावरची, सगळ्यांचे डावे कान आखूड. खिडक्यांना जाळ्या आहेत. चौथा मजला आहे, आणि एकही मांजर कोंडल्यासारखं वागत नाही. आई त्यांना शिव्या देते आणि दूध कोमट करून घालते. दूध त्यांना पचत नाही हे मी तिला सांगून थकले.

गेल्या महिन्यात सकाळी ती दारात बसून उंबरा पुसत होती. लाकडी पट्टीच ती, बिल्डरने लावलेली, पण तिच्या लेखी उंबराच. एक पांढरं मांजर तिच्या पाठीला अंग घासत होतं.

"त्या मुकादमाचं पुढे काय झालं गं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"कुठल्या?"

"तो नाही का. सायकलवाला."

"माहीत नाही. का?"

"काही नाही. चांगला माणूस होता."

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. "हे तू तेव्हा नाही म्हणालीस."

तिने फडकं पिळलं. पुन्हा पुसायला लागली, जिथे पुसून झालं होतं तिथेच. "सिमेंटची पोती होती तिथे," ती म्हणाली. "सगळीकडे पांढरं पांढरं उडायचं."

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि फडकं वाळत घालायला गेली. मी पुढे विचारलं नाही.

*

त्या दिवशी मी पहिल्या बसला गेल्यावर आई उठली. बाबांना चहा पाजला. मग रोजच्यासारखे दोन्ही उंबरे झाडले, ओल्या फडक्याने पुसले, आणि दोन्हींवर रांगोळीची दोन दोन बोटं ओढली. बाबा जागे होते. त्यांच्या खिडकीतून दोन्ही उंबरे दिसत.